घुबडाचा पत्ता

वडोदऱ्यात मी राहते त्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत एक शिरीष आहे. सोसायटी बांधायच्या आधीपासूनचा. त्याच्या एका वाळलेल्या फांदीत, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, एक ढोली होती आणि तिच्यात पिंगळ्याचं जोडपं राहत होतं. तीन वर्षं हे मला माहीत होतं आणि तीन वर्षांत मी ते कुणालाही सांगितलं नाही. घुबड कुठे राहतं हे ज्याला ठाऊक आहे त्याने ते सांगावं की सांगू नये, असा या लेखाचा प्रश्न आहे. पण त्याकडे तटस्थपणे बघण्याचा आव मला आणता येणार नाही. ती फांदी आता नाही, आणि ती जाण्यात माझ्या एका शब्दाचा हात होता.

शहरात घुबड दिसायला रान लागत नाही. जुनं झाड, त्यात एखादी ढोली, जवळपास उंदीर, पाली, किडे एवढं पिंगळ्याला पुरतं. रस्त्यावरच्या दिव्याखाली किडे जमतात, म्हणून तो दिव्याच्या खांबावर येऊन बसतो. आपण त्याच खांबाखाली स्कूटर लावून निघून जातो. गव्हाणी घुबड तर माणसाच्या आणखी जवळचं: पडक्या वाड्याचा माळा, देवळाचं शिखर, उंच इमारतीतली पाइपांची बंद पोकळी त्याला चालते. (या घुबडाला मराठीत गव्हाणी का म्हणावं हे मला कोडं आहे. इंग्रजीतल्या ‘बार्न’साठी कुणीतरी गव्हाण योजली असावी. भाषांतर वाईट नाही, पण आता शहरात गव्हाण कुणी पाहिली आहे?)

घुबड शोधायचं तर घुबड शोधू नये, त्याच्या खुणा शोधाव्यात. भर दुपारी एकाच झाडावर बुलबुल, साळुंक्या, खारी एकदम कलकलाट करू लागल्या तर आत कुणीतरी बसलेलं असतं. खोडावरून चुन्याचा ओघळ गेल्यासारखी पांढरी शीट दिसते. खाली राखाडी, बोटाच्या पेराएवढे गोळे पडलेले असतात. घुबड भक्ष्य गिळतं आणि न पचलेलं ओकून टाकतं. असा गोळा काडीने सोडवला की केस, नाजूक हाडं, किड्यांच्या पाठीची चकचकीत कवचं निघतात. मला आमचा पिंगळा आधी असा गोळ्यांतून, म्हणजे त्याच्या उष्ट्यातून भेटला. प्रत्यक्ष दिसला तो डिसेंबरातल्या एका सकाळी, ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसलेला. साळुंकीएवढा, पण बसका. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, पांढऱ्या भुवया, पिवळे डोळे. मी थांबले तसा तो मान खाली-वर करून माझं अंतर मापू लागला. मी त्याला पाहिलं असं मी म्हणते खरी, पण तोपर्यंत त्याने मला कितीदा पाहिलं असेल कोण जाणे. मी रात्री उशिरापर्यंत कामाला बसते आणि माझ्या खिडकीत तेवढा वेळ दिवा असतो.

बंगालीत कालीप्रसन्न सिंहांचं ‘हुतोम प्यांचार नक्शा’ नावाचं एकोणिसाव्या शतकातलं पुस्तक आहे. त्यात हुतोम हे घुबड कलकत्त्याकडे बघतं आणि बाबू लोकांची, सणांची, सोंगांची वर्णनं करतं. शहरातलं घुबड हा आपल्याला आज नवा वाटणारा विषय त्या लेखकाने उलट्या बाजूने घेतला होता. मला ती बाजू जास्त खरी वाटते.

आता न सांगण्याचं कारण. भारतात घुबडाच्या वाट्याला जी नावं आली आहेत तीच पुरेशी बोलकी आहेत. मराठीत ‘दिवाभीत’ म्हणजे घुबड, आणि लोकांसमोर यायला कचरणारा माणूसही. हिंदीत उल्लू हा मूर्ख. बंगालीत मात्र गव्हाणी घुबड ‘लक्खीपेंचा’, लक्ष्मीचं घुबड. ते घरात आलं तर हाकलायचं नाही. गुजरातीत पिंगळ्याला चीबरी म्हणतात. ‘चीबरी बोलली’ म्हटलं की आमच्या शेजारच्या बा अजूनही दार लोटून घेतात. मराठीत पिंगळा हे पक्ष्याचं नाव आहे, तसं माणसाचंही. पहाटे हातात कंदील आणि कुडमुडं घेऊन दारी येणारा, पाखराची भाषा आपल्याला कळते असं सांगून घराचं भविष्य बोलणारा पिंगळा जोशी. संतांच्या भारुडांतही तो आहे. माझ्या धंद्यातला आद्य माणूस म्हणून मला त्याच्याविषयी आपुलकी आहे: पाखराचं बोलणं माणसाच्या भाषेत आणणारा आणि त्यात स्वतःची थोडी भर घालणारा.

अपशकुनी मानून हाकलणं हा एक धोका. दुसरा धोका ते शुभ मानण्यातून येतो. लक्ष्मीचं वाहन म्हणून दिवाळीच्या सुमारास तंत्रमंत्र करणारे घुबडाला गिऱ्हाईक शोधतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणं, बाळगणं, विकणं गुन्हा असूनही हा व्यापार चालतो, आणि ‘ट्रॅफिक इंडिया’ या संस्थेने 2010 मध्ये त्यावर एक सविस्तर अहवालच काढला. त्या वेळचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी तेव्हा आणखी एक कारण सांगितलं होतं: हॅरी पॉटर. पुस्तकातलं टपाल आणणारं घुबड बघून शहरातली मध्यमवर्गीय मंडळी मुलांना घुबड भेट देऊ लागली आहेत, असं त्यांचं म्हणणं. किती घुबडं तंत्रामुळे गेली आणि किती पुस्तकामुळे, हे मी सांगू शकत नाही. पण साहित्याने निदान एकदा तरी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं, हे मला बरं वाटलं.

तिसरा धोका आमच्यासारख्यांचा, प्रेम करणाऱ्यांचा. एकाने ढोलीचा फोटो टाकला की आठवड्यात दहाजण लांब भिंगं घेऊन येतात. कुणी मोबाइलवर पिंगळ्याचा आवाज लावतो. बिचारा पक्षी दुसरा कुणी हद्दीत घुसला समजून बाहेर येतो. कुणी रात्री फ्लॅश मारतो. पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी जिथे जमा होतात त्या ‘ई-बर्ड’वरही धोक्यातल्या काही जातींचं नेमकं ठिकाण मुद्दाम लपवलं जातं. म्हणजे न सांगणं हा माझा एकटीचा विक्षिप्तपणा नव्हता.

आमच्याकडे रात्रपाळीला एक वॉचमन काका आहेत. दाहोदकडचे, साठीच्या आसपासचे. पहिल्याच हिवाळ्यात एकदा त्यांनी मला शिरीषाखाली मान वर करून उभी असलेली पाहिलं आणि सहज विचारलं, “बेन, रोज उपर शुं जुओ छो?”

मी म्हटलं, “पोपट.”

ते वर न बघता हसले आणि निघून गेले.

हे उत्तर माझ्या तोंडून किती चटकन आलं, याचं मला नंतर आश्चर्य वाटलं होतं. आता वाटत नाही. दिवाळीच्या आधी वर्तमानपत्रात घुबडांच्या किमतींच्या बातम्या येतात. कोण पकडतं, कुणाला विकतं, किती मिळतात. त्या मी वाचल्या होत्या आणि त्या बातम्यांतल्या माणसाला मी नकळत एक चेहरा दिला होता: रात्री जागा असणारा, पैशांची गरज असणारा, खेड्यातून आलेला. शेजारच्या ब्लॉकमध्ये भला मोठा कॅमेरा बाळगणारे एक गृहस्थ राहतात. त्यांनी विचारलं असतं तर मी बहुधा खरं न सांगता विषय बदलला असता. काकांना मी सरळ खोटं सांगितलं. हा फरक मला तेव्हा दिसला नाही.

उलट, मला माझ्या बाजूने साक्षीदार सापडले होते. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. कौशिकाचं व्रत होतं: नेहमी खरं बोलायचं. एकदा दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसं त्याच्या जवळच्या रानात शिरली. मागोमाग दरोडेखोर आले. त्यांनी विचारलं, ती माणसं कुठे गेली? कौशिकाने खरं सांगितलं. माणसं मारली गेली आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला. कृष्णाचं म्हणणं असं की, न बोलून भागत असेल तर बोलू नये. गप्प राहण्याने संशय येणार असेल तर तिथे खोटं बोलणंच श्रेयस्कर. ही गोष्ट नेहमी सत्य-असत्याची म्हणून सांगतात. नीट पाहिलं तर ती पत्त्याची गोष्ट आहे. दरोडेखोरांनी कौशिकाला धर्म विचारला नव्हता, ठिकाण विचारलं होतं.

पंचतंत्राचं तिसरं तंत्र, काकोलूकीय, तर थेट घुबडांच्या पत्त्याबद्दलच आहे. कावळ्यांचा म्हातारा मंत्री स्थिरजीवी मार खाल्ल्याचं सोंग करून घुबडांच्या आश्रयाला जातो. त्यांच्या गुहेच्या तोंडाशी काड्या गोळा करून घरटं बांधत असल्याचं दाखवतो आणि एके दिवशी उजेडात कावळ्यांना बोलावून त्याच काड्यांना आग लावतो. शाळेत ही गोष्ट वाचताना आम्ही सगळे कावळ्यांच्या बाजूने होतो. (घुबडाला दिवसा दिसत नाही या समजावर ती बेतली आहे. समज खोटा आहे. आमचा पिंगळा दुपारी बाराला मला चांगला ओळखायचा.) पण धडा स्पष्ट होता: घुबडाचा ठावठिकाणा बाहेरच्याला कळला की संपलं. तेव्हा माझा ‘पोपट’ व्यासांना आणि विष्णुशर्म्याला दोघांनाही मान्य आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि तीन हिवाळे सुखाने काढले.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी पंधरा दिवस कलकत्त्याला होते. परत आले तेव्हा शिरीषाची भिंतीकडची बाजू उघडी पडली होती. फेब्रुवारीत दुसऱ्या एका झाडाची वाळकी फांदी कुणाच्या तरी गाडीवर पडली होती, म्हणून कमिटीने सगळ्या वाळक्या फांद्या काढून घ्यायचं ठरवलं. यात कुणाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. फांदी खरंच वाळलेली होती, तिच्याखाली मुलं खेळत असत. मी त्या बैठकीला असते तर बोलले असते का? बोलले असते असं मला वाटतं. पण मी नव्हते. आणि माझ्यावाचून दुसऱ्या कुणी बोलण्यासारखं त्या झाडात काही आहे, हे कुणालाही माहीत नव्हतं. माझ्या मौनाचा हाच तर हेतू होता.

रात्री काकांना विचारलं. ते काही वेळ खाली बघत राहिले, मग त्यांनी गुजरातीत जे सांगितलं ते थोडक्यात असं.

ढोलीत चीबरी आहे हे त्यांना मी सोसायटीत राहायला यायच्या आधीपासून माहीत होतं. रात्रभर ते त्याच झाडाखाली खुर्ची टाकून बसत. तिची बोली त्यांना ठाऊक होती: कधी भांडण, कधी बोलावणं, कधी पिल्लांची भूक. त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. बा लोकांना कळलं तर झाड तोडायला लावतील, आणि दिवाळीत कुणी पैसे पुढे केले तर दिवसपाळीच्या पोरांचं मन फिरेल, म्हणून. मी ‘पोपट’ म्हटलं तेव्हा मी खोटं बोलते आहे हे त्यांना कळलं, आणि मीही राखणच करते आहे असं वाटून बरं वाटलं होतं. फांद्या तोडणारी माणसं पहाटेच आली. त्यांची पाळी अजून संपली नव्हती. त्या माणसांनी ढोलीकडे बोट दाखवून विचारलं, आत काय आहे?

“तमे पोपट कह्युं’तुं,” काका म्हणाले, “तो में पण पोपट ज कह्युं.”

त्यांना वाटलं, पोपट सगळ्यांना आवडतो. पोपट म्हटलं तर फांदी ठेवतील. ती माणसं म्हणाली, पोपटाला ढोल्यांची काय कमी. त्यांनी फांदीवर कुऱ्हाडीचा दांडा आपटला. एक पक्षी उडाला. त्यांनी करवत लावली.

आत तीन पिल्लं होती. दोन पडण्यातच गेली. तिसरं काकांनी खोक्यात ठेवलं आणि दुधात भिजवलेला पाव भरवायचा प्रयत्न केला. ते दुसऱ्या दिवशी गेलं. “तुम्हाला फोन करणार होतो,” ते म्हणाले, “पण नंबर नव्हता.” मग थोडं थांबून, “आणि काय सांगणार? तुमचे पोपट पडले?”

पोपटांच्या ढोलीवरही करवत चालवायला नको होती, हे खरंच. पण त्या रात्री मला ते सुचलं नाही.

तौलनिक साहित्याच्या वर्गात कांटचा 1797 मधला एक छोटा निबंध आम्हाला वाचायला होता. त्यातला प्रश्न कौशिकाचाच आहे: मारेकरी दारात उभा राहून विचारतो, तुझा मित्र घरात आहे का? कांट म्हणतो, इथेही खोटं बोलायचा अधिकार तुला नाही. आम्ही सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. कौशिकाच्या देशातल्या मुलांना ते सोपंही होतं. पण त्या निबंधात त्याने एक शक्यता मांडली आहे, तिच्यावरून मी तेव्हा भराभर पुढे गेले होते. समज, तू म्हणालास की मित्र घरात नाही. आणि तुझ्या नकळत तो खरंच मागच्या दाराने निसटलेला होता. आणि परत फिरलेल्या मारेकऱ्याला तो रस्त्यात सापडला. तर त्या मरणाचा वाटा तुझ्याकडे येतो. खरं बोलणाऱ्याच्या हातून जे घडतं ते त्याच्या हातात नसतं; खोटं बोलणारा मात्र जगाची रचना स्वतः बदलून ठेवतो, मग त्या बदललेल्या जगात जे होईल त्याची जोखीम त्याची. मला कांट आजही पूर्ण पटत नाही. दारात मारेकरी असेल तर मी खोटं बोलेनच. पण माझ्या दारात मारेकरी नव्हता. एक म्हातारा माणूस होता आणि त्याने सहज विचारलं होतं. कौशिकाची गोष्ट मी माझ्या बाजूने लावली, ती त्याला न विचारता दरोडेखोर ठरवून.

खोट्या पत्त्याने काय होतं याचं पक्ष्यांच्या जगातलं प्रसिद्ध उदाहरण पिंगळ्याच्याच एका भावंडाचं आहे. रानपिंगळा हा फक्त मध्य भारतात आढळणारा पक्षी. एकोणिसाव्या शतकात त्याचे मोजकेच नमुने गोळा झाले, त्यांतले काही खानदेशात जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने मिळवलेले. 1884 नंतर तो कुणाला सापडला नाही. फक्त एक अपवाद होता: कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन यांच्या संग्रहातला नमुना, 1914 मध्ये तापीकाठच्या मांडवीत मिळवल्याची चिठ्ठी लावलेला. रानपिंगळा शोधणारे त्या चिठ्ठीवर विसंबून गुजरातेत फिरत राहिले. नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन यांनी ते जुने नमुने तपासले तेव्हा लक्षात आलं की हा नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, डेव्हिडसनचाच होता. कर्नलने तो नव्याने भरून त्यावर नवी जागा, नवं साल लिहिलं होतं. पण डेव्हिडसनची कातडं भरण्याची तऱ्हा आतून पूर्ण पुसली गेली नव्हती. ती चिठ्ठी बाजूला ठेवल्यावर शोध जुन्या, खऱ्या जागांकडे वळला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. एकशे तेरा वर्षांनी. पुढे तो मेळघाटात, डांगात, अगदी मुंबईजवळच्या तानसाच्या रानातही दिसला.

कर्नलने चिठ्ठी लिहिलीच नसती, नुसता पक्षी दडवून ठेवला असता, तर चोरी चोरीच राहिली असती. पण शोधणारे एवढे भरकटले नसते. इथे मला माझ्या धंद्यातला एक जुना वाद आठवतो. न कळलेली ओळ अनुवादकाने गाळावी की अंदाजाने काहीतरी लिहावं? दोन्ही पापंच. पण गाळलेल्या जागी भोक राहतं. मूळ घेऊन बसणाऱ्याला ते कधीतरी दिसतं, तो विचारतो. अंदाजाने लिहिलेली ओळ भोक बुजवते. तिथे प्रश्नच उरत नाही, आणि पुढचा अनुवादक तुमच्यावर विश्वास ठेवून तीच ओळ तिसऱ्या भाषेत नेतो. मी काकांच्या प्रश्नावर नुसती हसले असते, “काही नाही” म्हटलं असतं, तरी त्यांनी वर पाहून मला विचारलं असतं, चीबरी का? मी त्यांच्या हातात तयार शब्द दिला. त्यांनी तो इमानाने पुढे पोचवला.

मग सगळ्यांना सगळं सांगून टाकावं का? न्यूयॉर्कमध्ये या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ प्रयोग करावा तसं मिळालं आहे. सेंट्रल पार्कमध्ये बॅरी नावाचं एक घुबड राहायला आलं. ते कोणत्या फांदीवर आहे हे समाजमाध्यमांवर रोज जाहीर होई, गर्दी जमे, आणि असं जाहीर करणं योग्य की अयोग्य यावर पक्षीनिरीक्षकांत कडाक्याची भांडणं होत. 2021 मध्ये बॅरी उद्यानाच्या देखभालीच्या गाडीवर आदळून मेली. शवविच्छेदनात तिच्या शरीरात उंदीर मारायच्या औषधाचं धोकादायक प्रमाण आढळलं. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्याच प्राणिसंग्रहालयातून फ्लाको हे मोठं घुबड कुणीतरी जाळी कापल्याने सुटलं आणि वर्षभर शहरात मोकळं हिंडलं. त्याचाही पत्ता सगळ्यांना ठाऊक. तेही एका इमारतीवर आदळून मेलं आणि त्याच्याही अंगात उंदरांचं विष निघालं, शिवाय कबुतरांपासून लागलेला विषाणू. दोघांना गर्दीने मारलं नाही. काचांनी, गाडीने, बिळाशी ठेवलेल्या विषाच्या वड्यांनी मारलं. म्हणजे ज्यांना घुबड तिथे आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं अशा गोष्टींनी. आणि ती सर्वांची ओळखीची होती म्हणूनच मेल्यावर त्यांच्या रक्तात काय होतं हे कुणीतरी विचारलं. फ्लाकोच्या नावाने तिथे पुढे कायदा झाला: उंदरांना विषाऐवजी गर्भनिरोधक घालून पाहण्याचा. आमच्या सोसायटीच्या गटारांपाशीही त्या वड्या दर महिन्याला ठेवल्या जातात. आमचा पिंगळा विष खाल्लेला उंदीर खाऊन मेला असता तर मी म्हटलं असतं, दिसेनासा झाला, उडून गेला असेल.

तरीही न्यूयॉर्कचं उत्तर मी उचलून इथे आणू शकत नाही. तिथे घुबड बघायला येणाऱ्याच्या खिशात कॅमेरा असतो. इथे दहांतल्या एकाच्या मनात अमावास्या असू शकते. सांगणं वाईट की चांगलं हे मला अजून ठरवता आलेलं नाही आणि तो प्रश्न मला आता तितकासा महत्त्वाचाही वाटत नाही. कुणाला, हा खरा अवघड प्रश्न आहे. गुपित राखणं म्हणजे ते एकटीने राखणं, असं मी धरून चालले होते. एकाच झाडाखाली दोन राखणदार तीन वर्षं एकमेकांपासून तेच गुपित राखत होते. एक खुर्चीवर बसून, एक दुसऱ्या मजल्यावर दिवा लावून. पिल्लांना एका माणसाची गरज होती जिच्याकडे दुसऱ्याचा फोन नंबर असेल.

मी कमिटीला एक पत्र दिलं. नोव्हेंबर ते एप्रिल हा ढोलीत राहणाऱ्या पक्ष्यांचा विणीचा काळ आहे, तेव्हा झाडं छाटू नयेत, आणि एरवी छाटण्याआधी ढोल्या तपासाव्यात. कोणता पक्षी, कोणतं झाड, हे लिहिलं नाही. सेक्रेटरी भाईंनी विचारलं, कोणते पक्षी? मी म्हटलं, ते मी सांगणार नाही. त्यांना ते विचित्र वाटलं, पण पत्र त्यांनी फाइलला लावलं. शेजारच्या बांना मात्र बहुधा कळलं आहे. गेल्या महिन्यात त्या मला म्हणाल्या, हल्ली चीबरी ऐकू येत नाही, सारं सुनं सुनं वाटतं. मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

हा लेख लिहिताना पहिल्या खर्ड्यात मी शिरीषाच्या जागी कडुनिंब लिहिला होता आणि शहरही दुसरं घातलं होतं. मग ते खोडून दोन्ही खरी केली. सोसायटीचं नाव आणि भाग गाळला. वाचकाला ते भोक दिसावं.

काकांचा नंबर आता माझ्याकडे आहे. त्यांनी माझा कुठल्या नावाने साठवला आहे ते मी पाहिलं: ‘पोपटवाळा बेन’. जानेवारीत एकदा रात्री दीडला फोन वाजला. मी कामालाच बसले होते. पलीकडून काही बोलणं नाही, नुसता रस्त्याचा आवाज, लांबून गेलेली एक रिक्षा, आणि मग अगदी जवळून, चिर्र चिर्र, चिवक चिवक. काकांनी फोन वर धरला असणार. मी खिडकीतला दिवा बंद केला आणि खाली गेले.